छागलीचा पहिला घोट

राधाकिशनच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर पाण्याचा थेंब पडला, आणि विंचू पडावा तसा त्याने पाय मागे ओढला. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. गादीवर बसल्या बसल्या त्याने वर पाहिलं. आढ्याच्या खुंटीला छागल टांगलेली होती, काल संध्याकाळी त्याने स्वतः पाणी भरून टांगलेली. रात्रभर ती कोरडी ठणठणीत राहिली होती, आणि सकाळी आल्या आल्या तिच्या बुडाखालून हात फिरवून त्याने स्वतःलाच शाबासकी दिली होती. आता दारातून शिरलेलं ऊन गादीवरून, तक्क्यावरून वर चढत त्या कातडी पिशवीच्या पोटाशी पोचलं होतं आणि खालच्या शिवणीवर दुसरा थेंब तयार होत होता. तो फुगला, लांबट झाला, लोंबत राहिला. राधाकिशन त्याच्याकडे टक लावून पाहत होता. दुपारी हैदराबादेहून खरेदीचे साहेब माल तपासायला येणार होते, आणि मागच्या वखारीत अशाच छागलींची थप्पी छतापर्यंत गेली होती. भीती वाटायला हवी होती. वाटलीही, पण तिच्या पाठोपाठ, जवळजवळ तिला कोपराने ढकलत, दुसरंच काहीतरी छातीत शिरलं. तो उठला. छागल काढून त्याने आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात गुळाच्या ढेपांच्या बाजूला टांगली आणि लहान मुलासारखा उकिडवा बसून वाट पाहू लागला. थेंब पडला नाही. शिवण मिटली होती. 'सावलीत थांबतंय!' तो मोठ्याने म्हणाला, आणि आपलाच आवाज ऐकून त्याला हसू आलं. त्याचे कान तापले होते.

लढाईचं दुसरं साल चालू होतं. लढाई नेमकी कुठे चाललीय हे बीडमध्ये कोणालाच धड माहीत नव्हतं. बसऱ्याकडे, अरबस्तानात, वाळूत, असं कचेरीतले लोक पान चघळत सांगत. त्या वाळूत पलटणींना पाणी जवळ बाळगायला छागली हव्या होत्या, आणि छागल म्हटली की बीडची. पेठेत मुसलमान कारागिरांची मोजकी घरं पिढ्यान्‌पिढ्या हाच धंदा करत होती. बकऱ्याचं कातडं तरवडाच्या सालीच्या पाण्यात घालायचं, महिनाभर उलटंपालटं करत पिकू द्यायचं आणि मग शिवायचं. अशी छागल अंगातून नुसता घाम काढते, त्या घामाने पाणी गार होतं, पण थेंब काही सोडत नाही. राधाकिशनचा या कारागिरीशी काडीचा संबंध नव्हता. तो चिंच, गूळ, शेंगा विकणारा वाणी. दुकान बापाचं, गादी बापाची, गिऱ्हाइकाशी हळू बोलायची सवयसुद्धा बापाची. पण मोठ्या कंत्राटाची बातमी आली तेव्हा कारागीर एकमेकांची तोंडं बघत बसले आणि हा औरंगाबादेला जाऊन कंत्राट घेऊन आला. 'पावसाळा संपला की चार महिन्यांत माल देतो,' असं तो तिथे म्हणाला होता. म्हणताना त्याला ठाऊक होतं की ते होण्यासारखं नाही. आणि तरी तो शब्द तोंडातून बाहेर पडला तेव्हा, त्या परक्या कचेरीत, अनोळखी गालिच्यावर अनवाणी उभा असताना, आयुष्यात पहिल्यांदा आपण उंच आहोत असं त्याला वाटलं होतं. परत येताना सगळ्या वाटेत तो टांगेवाल्याशी बोलत होता. बोलणं थांबवताच येत नव्हतं.

नबीभाई मात्र उडालाच होता. नबी म्हणजे पेठेतला सगळ्यात जुना कारागीर. त्याची छागल बाप वापरून मुलाला देतो अशी ख्याती. कातड्यांच्या कुंडांपाशी बसून त्याने राधाकिशनचं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'सेठ, कातडं काय भाकर हाय का, तव्यावर टाकली अन्‌ उलटली? त्याला पिकाया टाइम लागतोय. म्या मेलो तरी चार म्हयन्यांत एवढ्या व्हत न्हाईत.' राधाकिशनला त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं. घरात येऊन तो ओसरीवर येरझारा घालत होता, आणि आत त्याची बायको सत्यभामा तडा गेलेल्या रांजणाला आतून मेण आणि राळ लावत बसली होती. पळीत वितळलेलं मेण ती बोटाने तड्यावर सारवत होती, त्यावर फुंकर मारत होती. त्याने ते रोज पाहिलं होतं, आईलाही करताना पाहिलं होतं. पण त्या दिवशी तो दारातच थांबला, आणि एका क्षणात सगळं त्याला दिसलं. कच्चं कातडं, केस उतरवायच्या चुन्यातून काढून पटकन शिवलेलं, आणि आतून मेण. त्याला ओरडावंसं वाटलं. आपल्या डोक्यात असं काही येऊ शकतं हे त्याला माहीतच नव्हतं. तिशी उलटेपर्यंत ते डोकं चिंचेच्या भावापलीकडे कधी गेलं नव्हतं. तसाच, पगडीसुद्धा न घालता, तो पेठेकडे धावत सुटला. नबीने ते ऐकून बराच वेळ दाढी कुरवाळली. 'थंडीत धरील,' तो म्हणाला. 'पन उन्हात मेण पातळ व्हतंय, सेठ.' 'आपल्याला थंडीतच दाखवायचंय की!' राधाकिशन बोलून गेला. थट्टेतच बोलला होता. नबी हसला नाही, रागावलाही नाही. त्याची पोरगी जाहेदा लग्नाची होती आणि वरपक्षाने घाई चालवली होती. तो खाली बघतच म्हणाला, 'मेण कवा धाडता?'

तेव्हापासून ते नुसतं नबीचं म्हणणं होतं. आता ते अंगठ्यावर पडलं होतं. राधाकिशनने धोतराच्या सोग्याने अंगठा पुसला, पण ओल पुसली तरी जागा कळत राहिली. आणि मग त्याला नको ते आठवलं. उमापूर त्याचं आजोळ. तिथून बापाबरोबर परत येताना, वैशाखात, बैल लंगडल्यामुळे दोघं पायी निघाले होते. तो आठ-नऊ वर्षांचा असेल. बरोबरची तांब्याची लोटी वाटेत संपली आणि पुढच्या गावची विहीर आटलेली निघाली. तहान म्हणजे घसा कोरडा पडणं, एवढंच तोवर त्याला माहीत होतं. ते तसं नसतं. जीभ तोंडात परक्याची असल्यासारखी पडून राहते, डोळ्यांच्या मागे काहीतरी ठोके देतं, थुंकी गिळायला जावं तर गिळायला काही नसतं. तेव्हा मागून एक मुसलमान गाडीवान आला. त्याच्या गाडीखाली दोरीला छागल झुलत होती. काळी, ओली, चकचकीत. 'पोराला पानी पाजू का?' तो थांबून म्हणाला. राधाकिशनचे हात आपसूक पुढे गेले होते. बापाने ते धरून खाली केले आणि गाडीवानाला अगदी नम्रपणे सांगितलं, 'आमाला चालत न्हाई, भाऊ.' गाडी पुढे गेली. छागल झुलत गेली. पांढऱ्या फुफाट्यात गाडीच्या चाकांचा माग तो कितीतरी वेळ बघत चालला, आणि मग पडला. शुद्धीवर आला तेव्हा कोणाच्या तरी मळ्यात होता. बाप रडत होता, पण रडता रडता अभिमानानेही बघत होता, की पोराने बाटलेलं पाणी घेतलं नाही. पोराने घेतलं नव्हतं कसलं! पोराला दिलं नव्हतं. त्या पाण्याची चव कशी असेल याचा विचार राधाकिशनने पुढे अनेक वर्षं केला. चोरून, एखाद्या घाणेरड्या गोष्टीचा करावा तसा.

म्हणजे वाळूत तहान लागल्यावर काय होतं हे बीडच्या बाजारात त्याच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. हे त्याच्या मनात आलं, अगदी याच शब्दांत आलं. तो क्षणभर गादीच्या कडेला धरून उभा राहिला. साहेबांना सांगून टाकावं. मुदत वाढवून मागावी. दंड होईल, नाचक्की होईल, लोक हसतील, चिंचेचं दुकान आहेच. सगळं सोपं होतं. पण 'चिंचेचं दुकान आहेच' हे शब्द मनात उमटले आणि त्याचं अंग शहारलं. पुन्हा त्या गादीवर, पुन्हा तो हळू आवाज! नाही. तो वखारीकडे निघाला आणि चालता चालता त्याच्या पायांत नाच भरला. वखार नदीकाठी, दगडी, जाड भिंतींची. पौषातल्या दुपारी तिथे आत हुडहुडी भरते. त्याने झरोके बंद करवले, फरशीवर बिंदुसरेचं पाणी शिंपडवलं, साहेबांचा गालिचा आतच अंथरायला सांगितला. हमाल म्हणाले, 'मालक, भायेर उन्हात बरं वाटल की साहेबाला.' 'साहेबाला ऊन सोसत न्हाई,' त्याने ठोकून दिलं. एकामागून एक खोटं सुचत होतं आणि प्रत्येक खोटं आधीच्याला धरून नेटकं बसत होतं. एवढी मजा त्याला स्वतःच्या लग्नातही आली नव्हती.

साहेब आले. रुंद, हसरे, अंगरख्याला अत्तर लावलेले, प्रवासाने कंटाळलेले. त्यांनी थप्पीतून हाताला येईल ती छागल ओढली, माणसाकडून भरून घेतली आणि समोर टांगायला लावली. मग जेवण झालं. राधाकिशन पाहुणचार करत होता, बोलत होता, हसत होता, आणि त्याचा एक डोळा सारखा त्या छागलीच्या बुडाकडे होता. गारठ्यात ती दगडासारखी गप्प होती. तिच्यावर त्याला माया आली. जेवण आटोपून साहेबांनी तिला हात लावून पाहिलं, मान डोलावली आणि मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या नबीकडे वळले. 'चलो मियाँ. बीड का दस्तूर है ना? बनानेवाला पहले पीता.' तो रिवाज राधाकिशनच्या ध्यानातच नव्हता. नव्या छागलीतला पहिला घोट कारागीर स्वतः गिऱ्हाइकासमोर पितो, त्याशिवाय माल हलत नाही. हे पेठेत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण याने कधी छागल विकतच घेतली नव्हती. नबीला नुसता एक घोट घ्यायचा होता. त्यात काय एवढं? पण नबीने दोन्ही हात मागे बांधले. त्याची दाढी हलली. 'आज रोजा हाय, सरकार,' तो म्हणाला.

रमजानचा महिना नव्हता. रोजा कोणी कधीही धरू शकतो हे खरं, पण सकाळी नबीला विडी ओढताना राधाकिशनने पाहिलं होतं. साहेबांनी ते पाहिलं नव्हतं, तरी त्यांच्या भुवया जवळ आल्या. त्यांनी टांगलेल्या छागलीकडे पुन्हा एकदा, आता निराळ्या नजरेने पाहिलं. 'फिर कौन पियेगा?' ते म्हणाले आणि राधाकिशनकडे बघून गमतीने हसले, 'तुम पियोगे क्या सेठ? तुम्हारा धरम डूब जाएगा!' त्यांच्याबरोबरचे लोक हसले. हमालही हसले. गावचा वाणी, चामड्यातलं, मुसलमानाच्या हातचं पाणी! राधाकिशनला आपल्या बापाचा हात आपल्या मनगटावर जाणवला, खरोखर, बोटांसकट. तो हात त्याने झटकला. पुढे होऊन त्याने छागल खुंटीवरून काढली, डोकं मागे टाकलं आणि तोंडाला लावली. पाणी गार होतं. पहिल्यांदा गारवा कळला, मग चव: चुना, कच्च्या कातड्याचा कुबट वास, आणि त्यावर मेणाचा गुळगुळीत, किळसवाणा थर. हेच का ते? यासाठी का तो त्या फुफाट्यात पडला होता? पोटातून सगळं उलटून येत होतं. त्याने ते गिळलं, आणखी एक घोट घेतला, आणखी एक, आणि छागल खाली करून मिशा पुसत म्हणाला, 'गोड हाय, साहेब.' साहेब हसायचे थांबले होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं की काय कोण जाणे. 'जो आदमी अपने माल के वास्ते धरम दे दे,' ते आपल्या माणसांना म्हणाले, 'उसका माल क्या देखना!' दुसरी छागल त्यांनी उघडलीच नाही. उन्हं उतरायच्या आत थप्प्यांवर लाखेचे शिक्के बसले, आणि दिवेलागणीला गाड्या गेवराईच्या रस्त्याने जालन्याच्या रेल्वेकडे निघाल्या. राधाकिशन त्यांच्याबरोबर पार वेशीपर्यंत चालत गेला. त्याला पळावंसं, कोणालातरी मिठी मारावीशी वाटत होतं. इतकी वर्षं आपल्या आत एक भिंत आहे असं तो समजत होता. तिला हात लावला तर तिथे काहीच नव्हतं, नुसती मोकळी जागा, आणि पलीकडे केवढं तरी मोठं मैदान.

घरी मात्र सत्यभामा दारात उभी होती. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. 'आवो, खरंच प्यालात का?' तिने विचारलं, आणि त्याचा चेहरा पाहून पदर तोंडाला लावला. त्या रात्री त्याचं ताट ओसरीवर आलं. सकाळी जातीचे पंच आले. धर्मराजअप्पा त्यांतले थोर. त्यांनी राधाकिशनच्या बापाला खांदा दिला होता. अप्पा खूप रागावले, मग खूप कळवळले, आणि शेवटी प्रायश्चित्त ठरलं. बिंदुसरेच्या काठी त्याची मिशी काढली, थंडगार पाण्यात त्याला बुडवून काढलं, आणि तो ओलाच पंचांसमोर हात जोडून उभा राहिला. 'काय घडलं ते आपल्या तोंडानं सांग, बाबा,' अप्पा म्हणाले. 'तोंडानं सांगितल्याबिगर सुटत न्हाई.' राधाकिशनचे दात वाजत होते. 'मी चामड्यातलं पाणी प्यालो,' तो म्हणाला. अप्पांनी मान हलवली आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, 'आजून काही?' तिथे एक लहानसा क्षण होता. नदी वाहत होती, पलीकडे कोणी बाई धुणं आपटत होती, आणि दुसरं वाक्य त्याच्या जिभेवर अगदी तयार होऊन आलं होतं: त्या छागली गळक्या आहेत, उन्हात उघडतील, माणसं मरतील. चार शब्दांचं काम होतं. आजूबाजूला सगळे आपलेच लोक होते, ओळखीचे, भल्या चेहऱ्यांचे. ते वाक्य जिभेवर कसं लागतं हे त्याने चाखूनही पाहिलं. 'न्हाई,' तो म्हणाला. 'येवढंच.' अप्पांनी त्याच्या ओंजळीत पंचगव्य ओतलं, तो प्यायला, डोक्यावर पाणी पडलं. 'सुटलास,' अप्पा म्हणाले आणि त्याला पोटाशी धरून रडले.

आणि तो खरंच सुटला होता! हेच तर त्याला सगळ्यात नवल वाटलं. नदीवरून वर येताना अंग पिसासारखं हलकं झालं होतं. मेणाचं, थेंबाचं, वाळूतल्या तहानेचं, सगळंच त्या एका बुडीत वाहून गेलं होतं, आणि कुठलं पाप कुठलं हे नदीने काही विचारलं नव्हतं. जातीला जेवण घातलं. पंगतीतून तो तुपाची वाढणी करत पळत होता, म्हाताऱ्यांच्या पाया पडत होता, बिनमिशीच्या तोंडाने पोरांना हसवत होता. पंगती उठल्यावर सत्यभामाने त्याला स्वयंपाकघरात पाट मांडला, समोर बसून वाढलं, आणि वाढता वाढता सहज, रांजणाकडे पाहत म्हणाली, 'मी तर मेणाचा रांजण उन्हात ठिवतच न्हाई. तुमी सांगितलं का त्यास्नी, सावलीत ठिवा म्हणून?' त्याचा घास हातातच राहिला. ती त्याला दोष देत नव्हती. तिला खरोखरच वाटत होतं की एवढं सांगायचं राहून गेलं असेल तर सांगायला हवं. 'सांगितलं,' तो म्हणाला आणि घास तोंडात घातला. तो घास चांगला लागला. इतकी भूक त्याला कधीच लागली नव्हती.

पुढचे दिवस त्याने तक्रारीची वाट पाहण्यात काढले. टपालवाला दिसला की तो हातातला तराजू खाली ठेवायचा, आणि टपालवाला पुढे निघून गेला की छातीत पुन्हा तेच गरम, आनंदी काहीतरी पसरायचं. होळी गेली, पाडवा गेला. तक्रार आली नाही. मग एका दुपारी, गादीवर लोळत असताना, त्याला एकदम कळलं की ती येणारच नाही. तक्रार करायला माणूस परत यावा लागतो. तो उठून बसला. हे कळणं इतकं थंड आणि स्वच्छ होतं की त्याला क्षणभर स्वतःचीच भीती वाटली. आणि मग, त्याच आठवड्यात, हैदराबादेहून पत्र आलं ते नव्या मागणीचं, आधीच्या दुपटीचं. राधाकिशन पत्र घेऊन नबीकडे धावला.

नबी आपल्या दारात जोडा शिवत बसला होता. कातड्यांची कुंडं कोरडी पडली होती. त्याची बायको अजमतबी हिने राधाकिशनला पाट दिला आणि ती आत गेली. राधाकिशन बोलत सुटला. मागणी केवढी, गाड्या किती लागतील, औरंगाबादेत वखार कशी घ्यायची. नबी टाका घालत राहिला. जाहेदाचं लग्न झालं होतं, ती चौसाळ्याला नांदत होती. 'त्या दिवशी रोजा न्हवता, सेठ,' तो अखेर म्हणाला. 'माहीत हाय मला,' राधाकिशन हसला. 'विडी वढत व्हतास.' 'दुसऱ्या दिवशी धरला. खोटं बोललो ते फेडाया.' 'मग झालं की! म्याबी फेडलं. नदीवर, समद्या जातीसमोर.' नबीने वर पाहिलं. त्याचे डोळे लाल होते, म्हाताऱ्या माणसाचे असतात तसे. 'तुमी पानी प्यालं ते फेडलं,' तो म्हणाला. 'म्या रोज्याचं फेडलं. मेणाचं दोघांचंबी ऱ्हायलंच की, सेठ.' तो हे असं म्हणाला जणू दोघं मिळून एखादं सामान कुठे विसरून आले होते. राधाकिशनला त्याचा राग आला, मग त्याची कीव आली, आणि मग काहीच आलं नाही. 'छागली शिवणार का न्हाई बे?' त्याने विचारलं. 'हात चालत न्हाईत आता,' नबी म्हणाला, आणि त्याचे हात चालतच होते. राधाकिशन तिथून उठला तो थेट शेजारच्या चाँद नावाच्या कारागिराकडे गेला. चाँद तरुण होता. मेण आतून कसं सारवायचं ते राधाकिशनने त्याला स्वतःच्या बोटाने दाखवलं. पळीत वितळलेल्या मेणाचा वास आता त्याला आवडू लागला होता.

यावेळी मुदत वैशाखात संपत होती, पण त्याची त्याला फिकीर नव्हती. साहेबांनीच कळवलं होतं की शेठचा घोट पुरे, टांगण्याची गरज नाही. 'राधाकिशनचा घोट' हा शब्द आता औरंगाबादेच्या बाजारातही लोक वापरत, एखाद्या मोठ्या पेढीच्या शिक्क्यासारखा. पंचांचंही काही अडत नव्हतं. धर्मराजअप्पांच्याच बैलगाड्या आता जालन्याच्या वाटेवर चालत होत्या, आणि व्यापारापुरतं, ओठ न लावता, वरून घेतलेलं पाणी चालायला हरकत नाही असं अप्पांनी शास्त्र पाहून सांगितलं होतं. सत्यभामाने मात्र तो रांजण फोडून टाकला. नवा आणला.

साहेब आले तेव्हा घाईत होते. वखारीत शिरलेसुद्धा नाहीत. अंगणातच, भर उन्हात, छत्री धरून उभे राहिले. चाँदने थप्पीवरची छागल भरून आणली आणि राधाकिशनच्या हातात दिली. आजूबाजूला बरीच माणसं जमली होती. हा घोट पाहायलाच ती आली होती. ऊन असं की जमिनीतून वाफा निघत होत्या, आणि सकाळपासून धावपळीत राधाकिशनच्या पोटात काही गेलं नव्हतं. जीभ तोंडात जड झाली होती, डोळ्यांमागे ठोके पडत होते. हे ठोके त्याच्या ओळखीचे होते. त्याने छागल उचलली. तिचं बूड हाताला मऊ, ओलसर लागलं, आणि त्याच्या पायाच्या अंगठ्यावर थेंब पडला. मग दुसरा. खाली फुफाट्यात काळा ठिपका उमटला. साहेबांनी तो पाहिला. राधाकिशनने साहेबांना पाहताना पाहिलं. छत्री थोडी कलली, आणि साहेब आपल्या माणसाला समजावून सांगू लागले, प्रेमाने, जाणकाराच्या आवाजात, 'पसीना है. असली छागल पसीना छोड़ती. अंदर का पानी इसी से ठंडा रहता.'

राधाकिशनने डोकं मागे टाकलं आणि धार तोंडात सोडली. चुना होता का त्यात? कातडं होतं का? तो शोधत राहिला, जिभेने, मनाने, त्या दिवसासारखी मळमळ यावी म्हणून जवळजवळ वाट पाहत राहिला. काही आलं नाही. पाणी गार होतं, भरपूर होतं, आणि ते गोड होतं. उमापूरच्या वाटेवर त्याने मनात कल्पिलं होतं अगदी तसं. तो पीत राहिला. एका घोटाचा रिवाज असताना तो थांबेना, तेव्हा लोक कौतुकाने हसू लागले. 'गोड हाय,' तो श्वास घ्यायला थांबून म्हणाला, आणि आता ते खरं होतं. त्याने पुन्हा धार धरली. छागलीतून थेंब त्याच्या अंगठ्यावर पडत होते, एकामागून एक, आणि त्याने पाय मागे घेतला नाही.